पगाराचा आकडा कुठून आणायचा?

नोकरीसाठी एचआरचा फोन आला की दोन प्रश्न ठरलेले असतात: करंट सीटीसी, म्हणजे सध्याचा वार्षिक पगार, किती आणि एक्सपेक्टेशन काय? बहुतेक जण पहिल्याचं उत्तर खरं देतात आणि दुसऱ्याचं त्यावरूनच काढतात. आता साडेसात लाख आहे, मग दहा मागू. दहाच का? तर तीसेक टक्के हाइक मागायची पद्धत आहे म्हणून.

हा हिशेब सोपा आहे, आणि अनेकांचं आयुष्यभराचं नुकसान त्यातच होतं. तुमचा आजचा पगार म्हणजे तुमच्या कामाची किंमत असेलच असं नाही. पहिली नोकरी कोणत्या वर्षी लागली, तेव्हा बाजार पडलेला होता का, आईवडिलांजवळ राहायचं म्हणून कमी पगार मान्य केला होता का, अशा कितीतरी गोष्टी त्या आकड्यात साठलेल्या असतात. समजा, एकाच वर्गातल्या दोन मैत्रिणी आहेत. एकीला पहिली नोकरी साडेतीन लाखांची लागली, दुसरीला पाच लाखांची. पुढे दोघींनी तीन-तीन वेळा नोकरी बदलली आणि दर वेळी २५ टक्के वाढ घेतली. आता पहिली ६.८ लाखांवर आहे आणि दुसरी ९.८ लाखांवर. काम तेच, अनुभव तेवढाच, वाढही सारखीच, तरी दीड लाखाची तफावत जवळपास तीन लाख झाली. टक्केवारीने जुना अन्याय भरून निघत नाही, तो वाढत जातो.

याचं जगभर माहीत असलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. लिली लेडबेटर अलाबामा राज्यात गॅड्सडेन इथल्या गुडइयरच्या टायर कारखान्यात १९७९ ते १९९८ अशी एकोणीस वर्षं नोकरीला होत्या. नोकरीच्या शेवटी शेवटी कुणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली, तेव्हा त्यांना कळलं, की त्याच हुद्द्यावरच्या पुरुषांना आपल्यापेक्षा जास्त पगार आहे. त्यांना महिन्याला ३,७२७ डॉलर मिळत होते आणि त्याच कामासाठी सर्वांत कमी पगार घेणाऱ्या पुरुषाला ४,२८६. त्या कोर्टात गेल्या. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी हरल्या. कारण काय, तर पगार ठरल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती. जे माहीतच नाही त्याची तक्रार १८० दिवसांत कशी करणार? अखेर २००९ च्या जानेवारीत त्यांच्या नावाने कायदा झाला आणि ती अट सैल झाली. लेडबेटर यांना मात्र फरकाचे पैसे मिळाले नाहीत.

म्हणून मागायचा आकडा मागच्या पगारातून काढू नका. त्या शहरात, त्या उद्योगात, तेवढ्या अनुभवाला त्या पदाचा आज काय भाव आहे यावरून काढा. तो भाव शोधता येतो. थोडी मेहनत आहे, पण एखाद-दोन रविवार दिले तर होण्यासारखं काम आहे.

आधी सीटीसी सोडवून बघा

आकडे गोळा करण्याआधी ते वाचायला शिकावं लागतं, कारण एकाने सांगितलेले १२ लाख आणि दुसऱ्याने सांगितलेले १२ लाख एक नसतात. सीटीसी म्हणजे कंपनीला तुम्ही वर्षाला केवढ्याला पडता तो आकडा. हातात येणारा पगार त्याहून बराच कमी असतो.

१२ लाखांचंच बघू. बेसिक, म्हणजे मूळ पगार, निम्मं धरू, ६ लाख. कंपनीचा पीएफचा वाटा बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे ७२,००० रुपये. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची, तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे २८,८६०. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, सीटीसीच्या १० टक्के धरला तर १,२०,०००. आरोग्य विम्याचा हप्ता समजा १५,०००. एवढं वजा केल्यावर ९,६४,१४० उरतात. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ७२,००० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर वर्षाचा २,५०० कापला जातो. उरलेल्याला बाराने भागलं की महिना सुमारे ७४,१०० रुपये येतात. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत प्राप्तिकर लागत नाही, म्हणून इथे तो धरलेला नाही. आता ‘१२ लाख म्हणजे महिना लाख’ असं मनात धरून कुणी फ्लॅटचा हप्ता ठरवला असेल, तर पहिल्या सॅलरी स्लिपलाच त्याला धक्का बसतो.

या प्रत्येक ओळीचं वजन वेगळं आहे. पीएफ हा तुमचाच पैसा आहे, फक्त आज हातात येत नाही. मात्र काही कंपन्या पूर्ण बेसिकवर पीएफ भरतात आणि काही १५,००० रुपयांची वेतनमर्यादा धरून महिना १,८०० एवढाच भरतात. त्यामुळे सीटीसी सारखा असूनही दोन ऑफरमध्ये हातात येणारी रक्कम आणि बचत दोन्ही वेगळी पडतात. ग्रॅच्युइटी कायम कर्मचाऱ्याला साधारणपणे पाच वर्षांनी मिळते. तीन वर्षांत नोकरी बदलणार असाल, तर ती रक्कम तुमच्या सीटीसीत दिसते आणि खात्यात कधीच येत नाही. व्हेरिएबल शंभर टक्के मिळेलच असं नाही, म्हणून ‘मागच्या दोन वर्षांत प्रत्यक्षात किती टक्के दिलं?’ हा प्रश्न मुलाखतीत नक्की विचारा. जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो, आणि वर्षा-दोन वर्षांत सोडलं तर परत करायची अट बहुधा असते.

आणखी एक बदल लक्षात ठेवायला हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत वेतनाची व्याख्या अशी आहे, की भत्ते वगैरे मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. ज्या कंपन्यांत बेसिक तीस-पस्तीस टक्केच ठेवलेलं असायचं, तिथल्या जुन्या आकड्यांशी नवीन ऑफर ताडून पाहताना हे ध्यानात असू द्या. सीटीसी तोच राहून ग्रॅच्युइटी आणि कुठे कुठे पीएफ वाढू शकतो, आणि हातातली रक्कम थोडी घटू शकते.

म्हणून कुणाचाही आकडा ऐकला की तीन गोष्टी विचारून घ्या: फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती आणि हा आकडा कोणत्या वर्षीचा?

माहिती कुठे मिळते

ग्लासडोअर, एम्बिशनबॉक्स, लिंक्डइन या साइट सगळ्यांना माहीत आहेत. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी लेव्हल्स डॉट एफवायआय आहे, तिथे ठरलेला पगार, शेअर आणि बोनस वेगळे दिसतात. त्यांचा उपयोग आहे, पण तिथले आकडे लोकांनी स्वतः भरलेले असतात. कुणी सीटीसी लिहितो, कुणी इन-हॅन्ड गुणिले बारा. चार वर्षांपूर्वीची नोंद आणि कालची नोंद एकाच सरासरीत मिसळते. ‘सीनियर इंजिनिअर’ हे पद एका कंपनीत तीन वर्षांनी मिळतं, दुसरीत आठ वर्षांनी. त्यामुळे साइटवरची सरासरी थेट उचलू नका. शहर, अनुभव आणि शक्य असेल तर वर्ष यांची चाळणी लावा आणि मधला आकडा बघा.

मधला आकडा म्हणजे मध्यक. पाच जणांचे पगार ६, ६.५, ७, ७.५ आणि २३ लाख असतील तर सरासरी १० येते, आणि दहा लाख तर त्यांतल्या कुणालाच मिळत नाहीत. पगार चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर ७ येतो, आणि तोच त्या गटाचं खरं चित्र सांगतो. कॉलेजांच्या जाहिरातींतलं ‘हायेस्ट पॅकेज’ तर एकाच मुलाचं असतं. नव्याने पास होणाऱ्यांनी त्याऐवजी केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीसाठी कॉलेजने दिलेली माहिती उघडावी. नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांचा मध्यक पगार त्यात वर्षवार दिलेला असतो, आणि ही माहिती कॉलेजच्या वेबसाइटवर असते.

आता ज्या स्रोताकडे जवळपास कुणीच जात नाही तो सांगतो: कंपनीचा वार्षिक अहवाल. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १९७ प्रमाणे काही गोष्टी जाहीर कराव्याच लागतात. प्रत्येक संचालकाचा मोबदला कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या किती पट आहे, मध्यक पगार त्या वर्षी किती टक्के वाढला, कायम कर्मचारी किती आहेत, आणि व्यवस्थापकीय पदांखेरीज इतरांची सरासरी वाढ किती झाली, हे सगळं त्यात असतं. ‘यंदा सगळीकडेच चार टक्के आहे’ असं सांगितलं जातं, तेव्हा तुमच्याच कंपनीने भागधारकांना काय लिहून दिलंय हे तुम्हाला वाचता येतं.

त्याच्याच जोडीला बीआरएसआर नावाचा, कंपनीच्या सामाजिक आणि पर्यावरणविषयक जबाबदारीचा अहवाल असतो. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो सेबीने २०२२-२३ पासून बंधनकारक केला आहे. त्यात कर्मचारी आणि कामगार यांचा मध्यक पगार स्त्री आणि पुरुष असा वेगवेगळा दिलेला असतो. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं वार्षिक प्रमाणही असतं, तेही तीन वर्षांचं. माझ्या मते हा आकडा पगाराइतकाच मोलाचा आहे. ज्या कंपनीतून दर वर्षी बरीच माणसं जातात, तिला नवीन माणूस शोधणं, शिकवणं, मधल्या काळात काम रेटणं हे सगळं महाग पडत असतं. तिथे तुमच्या शब्दाला वजन जास्त. एक सावधगिरी मात्र ठेवा. हा मध्यक सगळ्या कंपनीचा असतो, त्यात क्लार्कपासून मॅनेजरपर्यंत सगळे येतात, आणि मोठ्या आयटी कंपन्यांत परदेशातले कर्मचारीही असू शकतात. त्यावरून तुमच्या पदाचा भाव काढू नका. कंपनीचा कल आणि स्त्री-पुरुषांमधली दरी मात्र त्यावरून नीट कळते.

कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना आणखी एक साधन हाताशी आहे. चाकण, रांजणगाव, सातपूर, वाळूज इथल्या कंपन्यांत कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात साधारण तीन-साडेतीन वर्षांचे वेतनवाढ करार होतात, आणि त्यांच्या बातम्या स्थानिक मराठी वर्तमानपत्रांत आकड्यांसह येतात. एकूण वाढ किती हजारांची, पहिल्या वर्षी किती टक्के, थकबाकी किती महिन्यांची, असा सगळा तपशील असतो. तुम्ही स्टाफमध्ये असाल तर करार तुम्हाला लागू नाही. पण शेजारच्या प्लॉटवरचा कायम ऑपरेटर काय घेतो हे कळलं, की डिप्लोमा करून सुपरवायझर झालेल्याने त्याच्या खाली राहू नये, हे बोलायला आधार मिळतो.

परिचारिकांची गोष्ट याहून अवघड आहे, आणि तिच्याबद्दल फार थोडं बोललं जातं. छोट्या खासगी रुग्णालयांचे वार्षिक अहवाल नसतात, साइटवर नोंदी तुरळक, आणि गरज एवढी, की मिळेल त्या पगारावर मुली उभ्या राहतात. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने एक मोजपट्टी घालून दिली: दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात पगार त्या राज्यातल्या सरकारी परिचारिकेएवढा असावा, शंभर ते दोनशे खाटांना त्याहून फार तर दहा टक्के कमी असावा, पन्नास ते शंभर खाटांना फार तर पंचवीस टक्के कमी असावा, आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी किमान २०,००० रुपये असावा. ही शिफारस आहे, प्रत्येक रुग्णालयाच्या गळी उतरलेला कायदा नाही. तरीही पगाराचं बोलताना ‘मला एवढे हवेत’ म्हणण्यापेक्षा ‘आपल्याकडे दीडशे खाटा आहेत, शिफारस अशी आहे’ हे वाक्य जास्त टिकतं. सरकारी वेतनश्रेणी तर जाहीरच असते.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या किंवा तिकडे जाऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी चित्र बरंच उघडं आहे. एच-वन-बी व्हिसासाठी कंपनी कामगार खात्याकडे जो अर्ज करते, त्यातलं पद, ठिकाण आणि देऊ केलेलं वेतन खातं प्रसिद्ध करतं, म्हणून कंपनीच्या नावाने शोधता येतं. त्यात शेअर आणि बोनस नसतात एवढं लक्षात ठेवा. कोलोरॅडोत २०२१ पासून, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांत २०२३ पासून नोकरीच्या जाहिरातीत पगाराची कक्षा, म्हणजे किती ते किती, छापावी लागते. एकाच कंपनीचं त्याच कामाचं पद तिकडेही असेल, तर तिथल्या जाहिरातीवरून निदान कोणती पायरी कोणत्याच्या वर आहे हे आपल्याला इथे बसून कळतं. रुपयात गुणाकार करायच्या फंदात मात्र पडू नये.

हे सगळं झालं तरी सर्वांत खरी माहिती माणसांकडेच असते. ‘बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारू नये’ हे ऐकत आपण मोठे झालो. या संकोचाचा फायदा नेहमी पगार देणाऱ्यालाच होतो, कारण सगळ्यांचे आकडे फक्त त्याच्या टेबलावर असतात. तरी समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून त्याचा स्वतःचा पगार विचारू नका, पदाचा विचारा. ‘दादा, तुमच्याकडे पाच-सहा वर्षांच्या क्वालिटी इंजिनिअरला साधारण कुठून कुठपर्यंत देतात?’ असं विचारलं तर लोक मोकळेपणाने सांगतात. कंपनी सोडून गेलेला माणूस तर हमखास सांगतो. पुरुषांनाही विचारा आणि बायकांनाही. नुसत्या मैत्रिणींनाच विचारून आकडा काढला, तर जो आधीच कमी आहे तोच पुन्हा हाती येतो. नोकरी लावून देणाऱ्या कन्सल्टंटलाही विचारा, त्याला क्लायंटचं बजेट माहीत असतं. फक्त त्याची फी कंपनी देते, हे विसरू नका.

आकडा बसवताना

समजा, चाकणला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत सहा वर्षांचा अनुभव असलेला क्वालिटी इंजिनिअर आहे, आणि सध्या साडेसात लाखांवर आहे. पुढचे आकडे केवळ पद्धत कळावी म्हणून धरले आहेत. साइटवर चाळणी लावल्यावर नोंदी साडेसहा ते बारा लाखांत पसरलेल्या दिसतात, मध्यक नऊच्या जवळ. दोन वर्गमित्र पदाचा भाव साडेनऊ आणि साडेदहा सांगतात, दोन्हींत व्हेरिएबल धरून. कन्सल्टंट म्हणतो, क्लायंट अकरापर्यंत जाईल, पण पीपॅप (सुट्या भागाला ग्राहक कंपनीची मंजुरी मिळवण्याची प्रक्रिया) आणि सप्लायर ऑडिट (पुरवठादारांची तपासणी) यांचं काम स्वतः केलेलं हवं. आपल्या इंजिनिअरने ते दोन्ही केलेलं आहे. मग पदाचा भाव नऊ ते अकरा, आणि याची जागा वरच्या अर्ध्यात.

यातून तीन आकडे लिहून ठेवायचे. मागायचा पावणेअकरा, समाधान मानायचा दहा, आणि ज्याच्या खाली नाही म्हणायचं तो नऊ. तिसरा आकडा घरी शांतपणे, शक्यतो घरच्यांशी बोलून ठरवा. समोर माणूस बसलेला असताना तो ठरवायला गेलं की तो हमखास घसरतो.

बोलताना

आपल्याकडे सध्याचा पगार विचारायला बंदी नाही, आणि खोटा सांगणं धोक्याचं आहे. सॅलरी स्लिप, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट सगळं मागितलं जातं. तेव्हा खरा सांगा, पण एकटा सांगू नका. ‘सध्या साडेसात आहे. या कामाला या पट्ट्यात नऊ ते अकरा दिलं जातंय असं मला दिसतंय, आणि सप्लायर ऑडिट मी स्वतः करत असल्याने पावणेअकराच्या आसपास अपेक्षा आहे.’ एवढं बोलून थांबा. पुढे भरीला ‘पण थोडं इकडेतिकडे चालेल’ हे वाक्य जोडायचा मोह होतो, तो आवरा. त्याआधी संधी मिळाली तर ‘या पदासाठी काय बजेट ठेवलंय?’ हे विचारून घ्या. अनेकदा उत्तर मिळतंही. कक्षा सांगायची झाली तर खालचा आकडा असा ठेवा, की तोच मिळाला तरी तुम्हाला चालेल, कारण समोरच्याच्या कानात तोच राहतो.

घरभाडं, गृहकर्ज, मुलांची फी ही कारणं मनातच ठेवा. ती खरी असतात, पण कंपनी पैसे कामाचे देते, आणि तुमची अडचण कळली की तुम्हाला नोकरीची किती गरज आहे हेही कळतं.

आहे त्या नोकरीत वाढ हवी असेल, तर अप्रेझलच्या मीटिंगची वाट बघू नका. एप्रिलपासून लागू होणाऱ्या वाढीचं बजेट बऱ्याच ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीतच बंद झालेलं असतं, आणि मीटिंगमध्ये साहेब फक्त ठरलेला आकडा वाचून दाखवतात. दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरात, वर्षभरात केलेलं काम आणि बाजारातला भाव असं एका पानावर मांडून त्यांच्याशी बोला. तेच पान पुढे वरच्यांकडे जातं, आणि तुमच्या वतीने बोलताना त्यांच्याही कामी येतं.

सीटीसी वाढत नसेल तर दुसरं काय हलू शकतं ते बघा. नोटीस पिरियडचा बायआउट (लवकर सुटण्यासाठी भरायचे पैसे नव्या कंपनीने देणं), जॉइनिंग बोनस, व्हेरिएबलमधला काही भाग फिक्स्डमध्ये, वरची ग्रेड, सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार. यात ग्रेडला मी सर्वांत वर ठेवतो, कारण पुढच्या प्रत्येक वाढीची कमाल मर्यादा तिच्यावर अवलंबून असते. सहा महिन्यांनी बघू असं तोंडी ठरलं असेल, तर तेवढी ओळ ऑफर लेटरमध्ये लिहून मागा. मेलवर आली तरी चालेल. पत्र हाती आलं की फिक्स्ड, व्हेरिएबल, पीएफ पूर्ण बेसिकवर की १,८०० रुपये, आणि बोनस परत करायची अट या ओळी बोलण्याशी ताडून पाहा. कुठे फरक असेल तर सही करण्याआधी दुरुस्त पत्र मागा, आणि सध्याच्या ठिकाणी राजीनामा ते आल्यावरच द्या. नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये तुमच्या हाताशी तेवढं एक पत्रच असतं.